बोलण्याच्या ओघाला गुण देताना परीक्षक आणि संगणक यांची मोट कशी बांधावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये परप्रांतातून आलेले बँक कर्मचारी आणि सातपूर-अंबडमधले सुपरवायझर यांच्यासाठी तुम्ही बोली मराठीचा वर्ग चालवता. एका तुकडीत ६० जण. शेवटी प्रत्येकाची तीन मिनिटांची तोंडी परीक्षा, दोन परीक्षक, ० ते ५ अशी ओघाची पट्टी. दोघांच्या गुणांत अधूनमधून दोन-दोन श्रेणींचं अंतर पडतं आणि वाद होतात. आता कुणीतरी व्हिस्पर (बोलणं ऐकून त्याचा मजकूर लिहिणारा प्रोग्रॅम) वापरून एक प्रोग्रॅम करून दिलाय. तो रेकॉर्डिंगमधले मिनिटाला किती शब्द ते मोजतो आणि पाचपैकी गुण देतो. तर या तिघांची सरासरी काढावी का, आणि काढली तर कुणाला किती वजन द्यावं?

सरासरी काढता येईल, पण इतक्यात नाही. तुमचे दोन परीक्षक भांडतात कारण ते दोन वेगळ्या गोष्टी ऐकतायत. तुमचा प्रोग्रॅम तिसरीच गोष्ट मोजतोय. तीन निरनिराळ्या गोष्टींची सरासरी काढल्याने वाद मिटत नाही, तो फक्त आकड्याखाली झाकला जातो. माणूस आणि यंत्र यांना अंतिम गुणांत जोडण्याआधी मोजणीतच जोडा, असं मी सुचवेन. बोलणं कुठे आणि किती वेळ थांबलं हे यंत्राने शोधावं. ते थांबणं कसलं होतं हे माणसाने ठरवावं.

किती खटाटोप करायचा हे निकालावर काय अवलंबून आहे त्यावर ठरेल. गुण फक्त शिकणाऱ्याला सांगण्यापुरते असतील तर खालचं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल. पण त्यावर कुणाचं प्रोबेशन संपणं किंवा बदली थांबणं ठरत असेल, तर काहीही सोडू नका.

आधी पट्टीबद्दल. ओघ म्हणजे व्याकरण नव्हे, उच्चार नव्हे आणि ‘शुद्ध’ मराठी तर नव्हेच. ऐकणाऱ्याला वाट पाहायला न लावता, अर्थाचा धागा न तोडता बोलणं पुढे सरकतंय का, एवढंच इथे पाहायचं. या क्षेत्रात ओघाचे तीन पदर मानतात: वेग, खंड आणि दुरुस्ती. वेग म्हणजे बोलत असताना जीभ किती भरभर चालते. खंड म्हणजे किती वेळा, किती वेळ आणि कुठे थांबलं. दुरुस्ती म्हणजे पुन्हा म्हणणं, अर्धवट सोडणं, मागे येऊन बदलणं. तुमच्या प्रोग्रॅमचा ‘मिनिटाला शब्द’ हा आकडा या तिन्ही गोष्टी एकाच भांड्यात घोळून टाकतो, आणि मराठीसाठी तो तसाही वाईट आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘स्टेशनवरून’ हा एक शब्द, पण हिंदीच्या सवयीने कुणी ‘स्टेशन से’ म्हणाला तर दोन झाले. म्हणजे चुकणाऱ्याचा आकडा वाढतो.

नुसत्या बेरजेने काय निसटतं ते एका छोट्या नमुन्यावर पाहू. कंसातले आकडे म्हणजे सेकंदांतली शांतता.

पहिला बोलणारा: नाशिकरोड स्टेशनवरून बाहेर आलं की (०.६) समोर बस मिळते (०.८) ती सीबीएसला जाते (०.५) आणि तिथून पंचवटीला रिक्षा मिळते.

दुसरा बोलणारा: नाशिकरोड (०.६) स्टेशनवरून बाहेर आलं की समोर (०.८) बस मिळते ती सीबीएसला जाते आणि तिथून पंचवटीला (०.५) रिक्षा मिळते.

दोघांनीही १० सेकंद घेतले असं धरा. दोघांची उच्चारातली अक्षरं ३७. दोघांची एकूण शांतता १.९ सेकंद. शांतता वगळून वेग सेकंदाला सुमारे ४.६ अक्षरं, शांततेसकट ३.७. विराम तीन, सलग बोलण्याचे तुकडे चार, तुकड्याची सरासरी लांबी ९.२५ अक्षरं. यंत्राच्या लेखी ही दोन माणसं जुळी आहेत. पण कोणत्याही परीक्षकाला ऐकवा. पहिला ‘छान बोलतो’ आणि दुसरा ‘शब्द शोधत बोलतो’, कारण पहिल्याचे विराम वाक्यखंडाच्या सीमेवर आहेत आणि दुसऱ्याचे वाक्यखंडाच्या पोटात. आपण सगळेच सीमेवर थांबतो. श्वास घेतो, पुढचं जुळवतो. ‘समोर’ आणि ‘बस’ यांच्यामध्ये ०.८ सेकंद थांबणं म्हणजे शब्द सापडत नाहीये. परकी भाषा बोलणाऱ्यांचं वेगळेपण वाक्यखंडाच्या आतल्या विरामांत जास्त दिसतं, ही गोष्ट या विषयावरच्या संशोधनात पुन:पुन्हा आलेली आहे.

म्हणून कामाची वाटणी अशी करा. प्रत्येक रेकॉर्डिंगचा मधला ४५ सेकंदांचा भाग घ्या. सुरुवात पाठ केलेली असते आणि शेवटी लोक गुंडाळतात, म्हणून मधला. संगणकाकडून त्यातली ०.२५ सेकंदांहून मोठी प्रत्येक शांतता खूण करून घ्या. एका माणसाने प्रत्येक खुणेवर फक्त एक अक्षर टाकायचं: ‘स’ म्हणजे सीमेवर, ‘आ’ म्हणजे आत. शंका असेल तर ‘स’. सोबत ‘अं’, तोच शब्द पुन्हा म्हणणं आणि अर्धवट सोडणं यांच्याही खुणा. सराव झालेल्या माणसाला एका क्लिपला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे ६० जणांचे तीन ते चार तास. खुणा करणारा आणि गुण देणारा एकच माणूस नसावा. ज्याने विराम मोजलेत त्याला मग विरामच ऐकू येतात.

०.२५ च का? त्याहून छोटी शांतता क, ट, प अशा व्यंजनांच्या उच्चारात आपोआप पडते. ‘पक्का’, ‘पट्टा’ म्हणताना जीभ किंवा ओठ बंद असतात तेवढा वेळ आवाज थांबतोच. तो अडखळणं नाही. उलट मर्यादा एक सेकंदावर नेली तर वरच्या नमुन्यातले सगळे विराम अदृश्य होतील.

खुणा पाडायला प्राट वापरा. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांचा तो आवाजाचं विश्लेषण करणारा मोफत प्रोग्रॅम आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यावर चालणारी, दे याँग आणि वेम्पे यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली एक स्क्रिप्ट आहे. ती लिखित मजकूर न मागता, आवाजाच्या तीव्रतेतल्या शिखरांवरून उच्चारातली अक्षरं मोजते. मूळ स्क्रिप्टमध्ये शांततेची मर्यादा उणे २५ डेसिबल, दोन शिखरांमधला किमान उतार २ डेसिबल आणि किमान विराम ०.३ सेकंद असतो. शेवटचा आकडा ०.२५ करा. बाकीचे दोन तुमच्या खोलीनुसार ठरतील. त्यासाठी दहा क्लिपमधली अक्षरं हाताने मोजून ताडून पाहा आणि फरक १० टक्क्यांहून जास्त आला तरच आकडे हलवा. हाताने मोजताना लिहिलेली अक्षरं मोजू नका. ‘करतो’ लिहिताना तीन, उच्चारात कर-तो अशी दोन. ‘मिळते’ तसंच. घाईत गिळलेली अक्षरं आणि ‘आई’सारखे लागून आलेले स्वर ही स्क्रिप्ट कमी मोजते. सगळ्यांच्या बाबतीत सारखंच कमी मोजलं तर फारसं बिघडत नाही.

मग व्हिस्परचं काय? तो टाकून देऊ नका, पण त्याच्याकडून ओघ मोजून घेऊ नका. ऐकलेलं नीटनेटकं करून लिहिण्याकडे त्याचा कल असतो: ‘अं’ गाळतो, दोनदा म्हटलेला शब्द एकदाच लिहितो, अर्धा सोडलेला शब्द पुरा करतो. म्हणजे आपल्याला जे मोजायचंय तेच पुसून टाकतो. लांब शांतता आली तर कधी कधी कुणी न बोललेलं वाक्यही घालतो. त्याच्या शब्दांच्या वेळा अंदाजे असतात, त्यामुळे त्यावरून पाव सेकंदाचे विराम काढणं धोक्याचं. आणखी एक, भाषा त्याला स्वतः ओळखू देऊ नका, मराठी अशी ठरवूनच द्या. हिंदीभाषक मराठी बोलू लागला की व्हिस्पर ते हिंदी समजून लिहू शकतो आणि लिपी एकच असल्याने तुमच्या चटकन लक्षातही येत नाही. त्याचा खरा उपयोग दोन ठिकाणी: बोलणारा विषयावर बोलतोय का हे नजरेखालून घालायला, आणि दोन उमेदवारांनी एकच पाठ केलेला मजकूर म्हटलाय का हे पाहायला.

रेकॉर्डिंगवर जितका जीव टाकाल तितका पुढचा त्रास कमी. सगळ्यात मोठा शत्रू छतावरचा पंखा. त्याची घरघर सतत असते, त्यामुळे बोलणं थांबलं तरी आवाज शांततेच्या मर्यादेखाली उतरत नाही, विराम दिसतच नाहीत आणि माणूस आहे त्यापेक्षा सफाईदार ठरतो. एप्रिल-मेच्या तुकडीत सगळे अचानक हुशार झालेले दिसले तर आधी पंख्याकडे बघा. मोबाइल चालेल, पण सगळ्यांना एकच, तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला. आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची आणि गोंगाट दाबण्याची सोय बंद ठेवा, कारण ती विरामांतली पार्श्वभूमी वर खेचते किंवा शब्दांची शेपटं कापते. व्हॉट्सॲपवर मागवलेल्या आवाजाच्या निरोपांवर गुण देऊ नका. कोण कुठे बसून, कितव्यांदा म्हणतोय ते कळत नाही. एकेरी (मोनो), १६ किलोहर्ट्झ, १६ बिटची वेव्ह फाइल घेतली तर तीन मिनिटांना सुमारे ५.८ एमबी लागतात, म्हणजे अख्खी तुकडी साडेतीनशे एमबीत बसते. प्रश्न संपल्यापासून पहिला शब्द येईपर्यंतची शांतता कापून वेगळी नोंदवा, ती विरामांत धरू नका.

तीन मिनिटांचा एकच विषय देण्यापेक्षा दीड-दीड मिनिटाची दोन कामं द्या. एक समजावून सांगण्याचं. पिंपळगावच्या शाखेत कांदा उत्पादक शेतकरी पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी आलाय, त्याला सातबारा, आठ-अ आणि आधार यांपैकी काय, कशासाठी आणायचं ते सांगा. दुसरं घडलेली गोष्ट सांगण्याचं. तयारीला ३० सेकंद, कागदाशिवाय. दोन्ही कामं सगळ्यांना त्याच क्रमाने. अवघड विषयावर विराम वाढतात, म्हणून एका तुकडीला सोपा आणि दुसरीला अवघड विषय दिला तर आकड्यांची तुलना संपली.

जमल्यास सुरुवातीला एक मिनिट मातृभाषेत बोलायला सांगा. काही माणसं भोजपुरीत काय आणि मल्याळममध्ये काय, सावकाशच बोलतात. मातृभाषेतल्या थांबण्याच्या सवयी दुसऱ्या भाषेत बऱ्याच प्रमाणात उतरतात, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे. प्राटच्या स्क्रिप्टला भाषा कळावी लागत नाही, त्यामुळे हे मोजणं फुकटात पडतं. पण तुलना विरामांचीच करा. अक्षरांच्या वेगाची नको, कारण भाषेभाषेत अक्षराची घडण वेगळी असते. आणि ही मिनिटभराची क्लिप थेट गुणांत धरू नका. एखाद्यावर वाद आला की हा त्याचा स्वभाव आहे की अडचण, हे ठरवायला ती कामी येते.

आता परीक्षक. दोन श्रेणींचं अंतर बहुधा इथून येतं: एक परीक्षक निवृत्त शिक्षक असतो, दुसरा बँकेतला किंवा कारखान्यातला. पहिल्याला ‘मी जाऊन राहिलोय’ खटकतं आणि तो ओघाचे गुण कापतो. दुसऱ्याला काम झाल्याशी मतलब, तो ४ देऊन मोकळा होतो. त्यात नाशिक जिल्ह्याची एक खास गंमत आहे. सटाणा, कळवण, मालेगाव भागातल्या शाखेत वर्ष काढलेला बिहारी अधिकारी अहिराणीच्या वळणाची मराठी सफाईने बोलतो. ती पुणेरी कानाला अडखळल्यासारखी वाटते. ती अडखळलेली नाही, फक्त वेगळी आहे. म्हणून व्याकरण, उच्चार आणि ओघ यांना तीन वेगळे रकाने ठेवा, तीनही भरायला लावा आणि ओघाचा रकाना आधी भरायला सांगा. राग काढायला दुसरी जागा असली की तो ओघावर निघत नाही.

पट्टीचं वर्णन श्रेणीच्या नावांनी करू नका, ‘उत्तम’, ‘बरा’ याला काही अर्थ नाही. ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो ते लिहा. उदाहरणार्थ, २: ऐकणाऱ्याला शब्द पुरवावेसे वाटतात, बहुतेक वाक्यं मधेच तुटतात. ३: वाट पाहावी लागते पण धागा सुटत नाही, अवघड ठिकाणीच तुटतं. ४: थांबणं आहे, पण ते विचार जुळवण्याचं वाटतं, शब्द शोधण्याचं नाही. प्रत्येक श्रेणीला जुन्या तुकडीतल्या दोन-दोन क्लिप नमुना म्हणून जोडा, अर्थातच त्या माणसांची परवानगी घेऊन. वर्णनांपेक्षा या क्लिपांनीच एकमत वाढतं.

गुण समोरासमोर देऊ नका, रेकॉर्डिंगवर द्या. हसरा चेहरा आणि मान डोलावणं यांना यंत्रापुढे किंमत नाही, मग माणसापुढेही नको. नावं काढून, प्रत्येक परीक्षकाला वेगळ्या क्रमाने, एका बैठकीत ४० मिनिटांहून जास्त नाही. आणि यंत्राचा आकडा परीक्षकाला गुण देऊन होईपर्यंत अजिबात दाखवायचा नाही. एकदा ‘संगणक ३.६ म्हणतोय’ हे कळलं की पुढचे सगळे गुण ३.५ भोवती घुटमळतात, आणि मग दोघांचं एकमत झालं म्हणून आपण उगाच खूश होतो.

परीक्षकांच्या कडकपणाची चिंता लोक नको तिथे करतात. दोघेही सगळ्या ६० जणांना गुण देत असतील तर एक सरासरी ०.६ ने कडक असला तरी क्रमाला धक्का लागत नाही, तो कडकपणा सगळ्यांना सारखाच लागतो. गडबड होते ती एक जण आजारी पडून तिसरा बदली आला की. त्यासाठी १२ सामाईक क्लिप ठेवा, ज्या प्रत्येक परीक्षकाने ऐकायच्याच. त्याच क्लिपवर अ ची सरासरी २.५ आणि क ची ३.१ आली तर क ने दिलेल्या गुणांतून ०.६ वजा. मोठ्या परीक्षांत यासाठी बहुपैलू राश प्रारूप (परीक्षकाचा कडकपणा हिशेबात धरणारं संख्याशास्त्रीय गणित) वापरतात, पण ६० जणांसाठी ही वजाबाकी पुरते.

इथवर तुमच्या हातात दोन परीक्षकांचे गुण आणि यंत्र-माणूस मिळून काढलेली मापं आहेत. मापं चारच ठेवा: विराम वगळून वेग, मिनिटाला वाक्यखंडाच्या आतले विराम, विरामाची सरासरी लांबी आणि मिनिटाला दुरुस्त्या. ६० जणांच्या विदेवर (डेटावर) वीस मापं बसवली तर गणित त्या तुकडीला अचूक जुळेल आणि पुढच्या तुकडीला तोंडघशी पडेल. दोन तुकड्यांच्या, म्हणजे सव्वाशेएक क्लिपांवर परीक्षकांच्या सरासरीशी साधं रेषीय समीकरण बसवा, म्हणजे चार मापांवरून परीक्षकांच्या सरासरीच्या जवळ जाणारा गुण निघेल. इथून पुढे यंत्राचा गुण म्हणजे हाच. तिसऱ्या तुकडीवर ते समीकरण तपासा. ज्यावर बसवलं त्यावरच तपासलेलं धरू नका.

मग वजनाचा प्रश्न. इथे एक खड्डा आहे ज्यात बहुतेक जण पडतात. समीकरणातून आलेले गुण नेहमी मध्याकडे ओढलेले असतात. समजा परीक्षकांच्या गुणांची सरासरी २.९ आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ०.९ आहे, आणि यंत्राच्या गुणांची सरासरी ३.२, विचलन ०.४. तुम्ही कागदावर ‘निम्मे-निम्मे’ लिहिलंत, पण यंत्राचे गुण जेमतेम हलतात, त्यामुळे प्रत्यक्षात वजन साधारण ७० आणि ३० होतं. तेच तुम्हाला हवं असेल तर ठीक, पण मग तसं जाहीर करा. नको असेल तर आधी यंत्राचे गुण माणसांच्या पट्टीवर ताणून घ्या: गुणातून ३.२ वजा करा, ०.४ ने भागा, ०.९ ने गुणा, २.९ मिळवा. यंत्राचा ४.० मग ४.७ होतो आणि २.६ चा १.५५. ताणण्याआधी एक अट पाळा. नव्या तुकडीवर यंत्र आणि परीक्षकांची सरासरी यांचा सहसंबंध (दोन्ही किती एकत्र वर-खाली होतात ते, पूर्ण जुळलं तर १) ०.५ च्या खाली असेल तर ताणू नका आणि मिसळूही नका. ताणण्याने खोटही तेवढीच ताणली जाते. तेव्हा यंत्र फक्त शंकेची क्लिप दाखवायला वापरा.

यंत्राला वजन द्यायचं की आणखी एक माणूस आणायचा, हेही मोजता येतं. दोन परीक्षकांच्या गुणांतला सहसंबंध ०.६ असेल तर दोघांच्या सरासरीची विश्वासार्हता ०.७५ येते. तशाच दर्जाचा तिसरा आणला तर ०.८२. तिसऱ्या माणसाचं मानधन आणि चार-साडेचार तास परवडत असतील तर मी आधी तेच करीन. परवडत नसतील तर प्रत्येक परीक्षकाला ४० टक्के आणि यंत्राला २० टक्के इथून सुरुवात करा. मापं चांगली जुळली तर यंत्राला ३० पर्यंत न्या. त्यावर नेऊ नका, कारण बोलण्यात अर्थ आहे की नाही हे या चार मापांना कळत नाही. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या बोलण्याच्या भागात २०१९ पासून माणूस आणि स्पीचरेटर या प्रोग्रॅमचे गुण एकत्र करायला सुरुवात झाली, पण तो प्रोग्रॅम शब्दसंग्रह, व्याकरण आणि उच्चारही पाहतो, शिवाय त्यामागे प्रचंड विदा आहे. तिथलं प्रमाण इथे उचलून आणण्यात अर्थ नाही.

सरासरीपेक्षाही या सगळ्याचा मोठा फायदा म्हणजे मतभेद लगेच दिसतो. नियम परीक्षेआधीच लिहून ठेवा. दोन परीक्षकांत एकाहून जास्त श्रेणीचा फरक असेल तर तिसऱ्याने ऐकायचं. परीक्षकांची सरासरी आणि ताणलेला यंत्रगुण यांत एकाहून जास्त फरक असेल तरी तिसऱ्याने ऐकायचं, आणि कोण वर, कोण खाली हे त्याला सांगायचं नाही. अशा वेळी अंतिम गुण माणसांचाच, यंत्राचा त्यातून काढून टाकायचा.

यंत्र वर आणि माणसं खाली असतील तर बहुधा कारण यांपैकी निघतं: मजकूर पाठ केलेला, अस्खलित हिंदीला ‘आहे’, ‘नाही’ जोडून चालवलेलं, विषय सोडून बोललेलं, किंवा दर दोन शब्दांनी ‘म्हणजे’ आणि ‘काय म्हणतात ते’. हे शेवटचं फसवं आहे, कारण ‘म्हणजे’ला यंत्र अक्षरं म्हणून धरतं, विराम म्हणून नाही, त्यामुळे वेग वाढतो. मराठी माणूसही ‘म्हणजे’ म्हणतोच, म्हणून सरसकट दंड नको. वाक्यखंडाच्या आत आला तरच खूण करा. यंत्र खाली आणि माणसं वर असतील तर मृदू आवाज, लांब ठेवलेला मोबाइल, खोकला किंवा मोजूनमापून बोलणारा वयस्क माणूस निघतो. पहिली तीन कारणं रेकॉर्डिंगची आहेत, ती दुरुस्त होतात. चौथ्याच्या बाबतीत माणसं बरोबर आहेत.

फक्त मतभेदाच्याच क्लिप पुन्हा ऐकल्या तर जिथे तिघेही एकाच दिशेने चुकले ते कधीच कळणार नाही. म्हणून एकमत झालेल्यांतल्याही पाच-सहा क्लिप चिठ्ठ्या टाकून काढा आणि तिसऱ्याला द्या.

तपासणीला नुसता सहसंबंध पुरत नाही, कारण यंत्र सगळ्यांना एक श्रेणी कमी देत असलं तरी तो उत्तम येतो. टोफेल घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेले निकष सोयीचे आहेत: भारित कॅप्पा (योगायोगाने जुळलेलं वगळून एकमत किती, याचं माप) किमान ०.७०, यंत्र-माणूस एकमत माणूस-माणूस एकमतापेक्षा ०.१० हून जास्त घसरलेलं नसावं. सरासरीतला फरक ०.१५ प्रमाण विचलनाच्या आत. आणि कोणत्याही एका गटासाठी ०.१० च्या आत. तुमच्याकडे गट म्हणजे मातृभाषा: हिंदी, भोजपुरी, गुजराती, तेलुगू, मल्याळम. एका तुकडीत तेलुगूचे सात जण असतील तर त्या सातांवरून काहीही ठरवू नका. चार-पाच तुकड्यांचे आकडे साठवा आणि मग बघा. पट्टीवर तुमचे बहुतेक लोक २ आणि ३ मध्येच असतील तर कॅप्पा तसाही कमी दिसेल, तेव्हा घाबरू नका. किती जण एका श्रेणीच्या आत जुळले तेही सोबत पाहा.

परीक्षकांचं पट्टीवर काही केल्या जमतच नसेल तर एक पर्याय आहे, जोड्यांची तुलना. मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ती उभी आहे. दोन क्लिप ऐकायच्या आणि जास्त ओघवती कोणती एवढंच सांगायचं. प्रत्येक क्लिप दहा तुलनांत यावी असं धरलं तर ६० क्लिपांच्या ३०० तुलना होतात. ४५ सेकंदांच्या दोन क्लिप म्हणजे तुलनेला दीड मिनिट, एकूण साडेसात तास ऐकणं. ते तिघांत वाटलं तर जड नाही, आणि कडक-सैल हा प्रश्नच उरत नाही. पण त्यातून क्रम आणि अंतर मिळतं, उत्तीर्णतेची रेषा मिळत नाही. ती नमुना क्लिप मधे मिसळूनच आखावी लागते.

आवाज हा वैयक्तिक विदा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही आणि साध्या शिष्टाचारानेही लेखी संमती घ्या: काय रेकॉर्ड होणार, कोण ऐकणार, कधी पुसणार. प्राट आणि व्हिस्पर दोन्ही स्वतःच्या संगणकावर चालतात, तेव्हा क्लिप परक्या सर्व्हरवर चढवायची गरज नाही.

निकालपत्रावर ३.३७ छापू नका, एवढी बारीक पट्टी तुमच्याकडे नाही. अर्ध्या श्रेणीपर्यंत पूर्णांकित करा आणि खाली दोन ओळी लिहा, ज्या मापांतूनच निघतात: ‘वेग चांगला. मिनिटाला साधारण नऊ वेळा वाक्याच्या आत थांबता, बहुतेक वेळा विभक्ती लावताना.’ यातला दुसरा अर्धा खुणा करणाऱ्या माणसाने लिहायचा. फेरतपासणी मागितली तर ती आधी न ऐकलेल्या परीक्षकाने करायची. रेकॉर्डिंग निकालानंतर तीन महिने ठेवा, म्हणजे तक्रारीची मुदतही तेवढीच ठेवता येईल.